डाव्या खांद्याचं पॅड

माझ्या खोलीत एक दिवस दुसरा पलंग आला. मला कोणी विचारलं नाही, आणि जिच्यासाठी आला त्या आत्यालाही कोणी विचारलं नव्हतं. बाबांनी परस्पर ठरवलं, फर्निचरच्या दुकानातली दोन माणसं पलंग टाकून गेली, माझं कपाट दाराआड सरकलं आणि तेव्हापासून दार अर्धंच उघडायला लागलं. मी चष्म्याच्या दुकानात नोकरी करते. दिवसभर लोकांना ‘आता स्पष्ट दिसतंय का?’ असं विचारते. घरात काय शिजतंय ते मात्र मला दिसलं नव्हतं.

निमित्त झालं आत्याच्या गुडघ्याचं. बंदराच्या धक्क्यावर पायऱ्या उतरताना ती घसरली. मोडलं काही नाही, पण बोटवाल्यांनी बाबांना फोन केला आणि बाबांना कारणच मिळालं. आत्या शिंपीण आहे. शहरातल्या निम्म्या हॉटेलांतले दरवान, वेटर, लिफ्टवाले तिच्या हातचे कपडे घालून उभे असतात. मापं घ्यायला ती स्वतः जाते, कपडे स्वतः पोचवते. बंदरापलीकडे एका रंगाच्या दुकानावर तिची खोली आहे. खोलीत एक मशीन, एक उभा आरसा, एक कॉट आणि चार भिंती भरून हँगर. माणसांची नावं तिच्या डोक्यात राहत नाहीत, मापं राहतात. ‘तो चव्वेचाळीस छाती’, ‘ती आखूड बाही’ असं तिचं चालतं. माझ्या ताईच्या नवऱ्याला ती लग्नापासून ‘उतरती मान’ म्हणते. भावोजींना ते अजून कळलेलं नाही आणि आम्ही कोणी ताकास तूर लागू दिलेली नाही.

बाबांनी आयुष्यभर ट्रॅम चालवली. आता निवृत्त आहेत, पण गणवेशाचा निळा कोट अजून घालतात. स्टिअरिंग नावाची वस्तू कधी हातात धरली नाही याचा त्यांना फार अभिमान. “वळायचं कुठे ते रूळ ठरवतात, आपण फक्त वेळेवर थांबायचं,” असं ते सांगतात. आयुष्यही ते तसंच चालवतात, स्वतःचं आणि आमचंसुद्धा.

आत्या त्यांच्याहून मोठी. बाबा तिला आक्का म्हणतात आणि वर हुकूमही सोडतात.

“आक्का, आता पुरे झालं. खोली सोड. मशीन विकून टाक. पलंग आणलाय.”

“पलंग चांगला आहे,” आत्या म्हणाली. “तू झोप त्याच्यावर.”

“या गर्दीत तुला फिरता येत नाही. पर्यटकांच्या सीझनमध्ये धडधाकट माणसाला रस्ता मिळत नाही इथे.”

“मला मिळतो.”

“मिळतो म्हणून पडलीस का?”

हे जिव्हारी लागलं. आत्याचा राग तोंडाने बाहेर पडत नाही, तिची टाचणी टाचण्यांच्या उशीत जरा जोरात घुसते एवढंच. ती टाचणी घुसवून म्हणाली, “रविवारी ताईकडे जेवायला जायचंय ना सगळ्यांना? तू तुझ्या ट्रॅमने ये, मी माझ्या रस्त्याने येते. तिच्या दाराची बेल जो आधी दाबेल त्याचं खरं. तू दाबलीस तर मशीन विकते, पलंगावर येऊन पडते. मी दाबली तर हा विषय परत काढायचा नाही. कधीच नाही.”

आई म्हणाली, “वेडे आहात का दोघं?” पण दोघंही हट्टाला पेटलेले होते. ताईने टेकडीवर नवं घर घेतलं होतं. आमच्या घरासमोरून सुटणारी ट्रॅम मोठ्या चौकातून वळसे घेत थेट तिच्या गल्लीच्या तोंडाशी जाते. बाबांच्या दृष्टीने पैज त्यांच्या खिशात होती. तरी त्यांनी अटी घातल्याच. टॅक्सी नाही. ओळखीच्या कोणाच्या गाडीत बसायचं नाही. आणि मी आत्याबरोबर राहायचं, साक्षीदार म्हणून.

खरं सांगते, मी कोणाच्या बाजूची होते ते मलाच कळत नव्हतं. आत्या मला जीव की प्राण. पण ती धक्क्यावर एकटी पडली होती, हेही माझ्या मनातून जात नव्हतं. मशीन विकलेली आत्या डोळ्यांपुढे आली की मात्र वाटायचं, माझ्या खोलीतल्या त्या पलंगावर बसून ती दिवसभर काय करणार होती?

आई शनिवारीच ताईच्या मदतीला गेली, आणि आत्या हातातलं काम घेऊन आमच्याकडे मुक्कामाला आली. रविवारी सकाळी चहा झाल्यावर आत्या गच्चीवर गेली आणि बंदराकडे बघत उभी राहिली. दोन मोठी प्रवासी जहाजं लागली होती, पांढरीशुभ्र, चाळीएवढी उंच.

“आज चौकातून काही हलत नाही,” ती म्हणाली.

“ट्रॅम कधी अडत नाही,” बाबा म्हणाले. त्यांनी कोट घातला, बटणं लावली आणि ताठ मानेने निघाले. ट्रॅम आली तेव्हा चालकाच्या मागची पहिली जागा त्यांनी पटकावली आणि खिडकीतून आम्हाला हात केला. हात कसला, निरोपच होता तो.

आम्ही निघालो ते टेकडीकडे पाठ करून, उतारावरून बंदराकडे.

“आत्या, ताईचं घर तिकडे आहे.”

“माहीत आहे. गर्दीसुद्धा तिकडेच आहे.”

तिच्या खांद्यावर कापडी पिशवी होती आणि हातावर एक बदामी कोट, कागदात गुंडाळलेला. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलच्या दरवानाचा. पाहुणे यायच्या आत तो पोचवायचाच होता. मी कपाळावर हात मारला. “आजच्या दिवशी कशाला?”

“त्याला आजच घालायचाय म्हणून,” ती म्हणाली. “पैजेसाठी काम टाकलं तर जिंकून काय उपयोग?”

धक्क्याच्या पायऱ्यांशी माझा जीव वरखाली झाला. ओल्या, शेवाळलेल्या, कठडा एकाच बाजूला. आत्या वळली, भिंतीकडे तोंड केलं आणि शिडी उतरावी तशी उलटी उतरली. एक पाय, मग दुसरा, हात कठड्यावर. मागचे दोन परदेशी पाहुणे आधी हसले आणि मग त्यांच्यातली जाडजूड बाईही तश्शीच उलटी उतरली.

“पडल्यावर शिकले,” आत्या म्हणाली. “तुझ्या बाबाला पडल्याचं कळलं. शिकल्याचं त्याने विचारलं नाही.”

बोट निम्मी रिकामी होती, कारण त्या वेळी सगळे पलीकडून अलीकडे येतात. ती वाऱ्यावर डोळे मिटून बसली. हॉटेलच्या दारात दरवान हात पसरून तिची वाटच बघत होता. कोट अंगावर चढला, आत्याने दोन पावलं मागे होऊन पाहिलं, तोंडात दोरा धरून उभ्या उभ्या एक बटण सरकवलं. चांगला चाळिशीचा गडी, पण आरशात बघून लहान मुलासारखा खुलला. “बाई, आमची व्हॅन आत्ता पुलापलीकडे निघालीये, बसा ना,” तो म्हणाला.

“आज नको. आज ओळखीची गाडी चालत नाही,” आत्या म्हणाली आणि समोरून आलेल्या लाल बसला हात केला.

ही लाल बस म्हणजे वर टप नसलेली, पर्यटकांची. आमच्या गावात जन्मलेला माणूस मरेल पण त्या बसमध्ये बसणार नाही. ओळखीच्या कोणी पाहिलं तर काय म्हणेल? मी तर मान खाली घालूनच चढले.

“वर चल,” आत्या म्हणाली. “खालच्या मजल्यावर सगळे उन्हाला भिऊन बसलेत. आणि हिला किनाऱ्याने स्वतंत्र पट्टा आहे, हिला कोणी अडवत नाही. आपल्याच गावात पाहुण्यासारखं बसायला लाज वाटते म्हणून लोक तासन् तास ताटकळतात. मला नाही वाटत. मी पैसे देते.”

तिला जिना चढवत नाही असं मी म्हणणार होते, पण ती दोन्ही हातांनी कठडा धरून माझ्या आधी वर पोचली. पूल ओलांडून बस अलीकडे आली तसा खाली मोठा चौक दिसला. दिसला म्हणजे काय, नुसत्या टोप्या दिसल्या. कारंज्यापासून घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत माणूसच माणूस, आणि त्यांच्या मधोमध एकामागे एक थिजलेल्या चार ट्रॅम. घंटा घणघणत होत्या, कोणी ढिम्म हलत नव्हतं.

मी टाळीच वाजवली. “बाबा अडकले!”

आत्या हसली नाही. मनोऱ्याकडे बघत म्हणाली, “बसून राहिला तर ठीक आहे. उतरू नये म्हणजे झालं.”

“उतरले तर काय?”

“त्याला रूळ सोडून गाव कुठे माहीत आहे?”

मला ते चेष्टेचं वाटलं. ज्या माणसाने आयुष्यभर या शहरातून दिवसाला कितीतरी फेऱ्या मारल्या त्याला शहर माहीत नाही? मी तो विषय तिथेच सोडला.

टेकडीच्या पायथ्याशी आम्ही उतरलो. पुढे वरच्या रस्त्याला जाणाऱ्या दगडी पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवर फोटो काढणारे लोक. आत्या पायऱ्यांकडे न बघता शेजारच्या कपड्यांच्या मोठ्या दुकानात शिरली. सरकत्या जिन्यावर उभी राहिली. पहिला मजला, लहान मुलांचे कपडे. दुसरा, बायकांचे. तिसऱ्यावर तिने जाता जाता पुतळ्याच्या अंगातल्या जॅकेटची बाही उलटून शिवण पाहिली आणि नाक मुरडलं. चौथ्या मजल्यावर भांडी होती आणि भांड्यांच्या पलीकडे एक काचेचं दार. दार ढकललं तर आम्ही थेट वरच्या रस्त्यावर.

“आत्या!”

“दुकान टेकडीला टेकून बांधलंय. मागचं दार वरच निघणार ना?”

वरच्या रस्त्यावर रोपवे. रांग कोपऱ्यावरून वळून कुठे गेली होती देव जाणे. आता घोडं अडलं, असं मला वाटलं. आत्याने माझ्या हातातून पाण्याची बाटली काढून घेतली. “इथून पुढे आपण एकमेकींना ओळखत नाही,” ती म्हणाली. “एकट्या माणसाची रांग वेगळी आहे, ती बघ, त्या खांबाआड. पाळण्यात सहा बसतात, कुटुंबं चार-पाचांची असतात. उरलेली जागा एकट्याची.”

त्या रांगेत मोजून तीन माणसं होती. आत्या एका नवपरिणीत जोडप्याच्या आणि नवरीच्या सासू-सासऱ्यांच्या मध्ये बसून वर गेली. मागच्या पाळण्यात मी, मांडीवर कोणाचं तरी रडकं पोर. वर पोचले तेव्हा आत्या त्या नव्या नवरीच्या ब्लाउजची बाही कुठे दाबावी ते तिच्या सासूला समजावत होती. सासू मान डोलावत होती. एवढ्या वेळात या बाईने माणसं जोडून घेतली होती.

तिथून ताईचं घर सपाट रस्त्याने पाचेक मिनिटं. आम्ही दारात पोचलो. आतून कुकरच्या शिट्ट्या, आईचा आवाज. बाबांचा आवाज नाही. म्हणजे आम्हीच पहिल्या. मी आनंदाने आत्याला मिठीच मारली. माझा कौल कुठे होता ते मला त्या क्षणी कळलं.

आत्याने पदर सारखा केला, बेलकडे बोट नेलं, आणि माझा फोन वाजला.

“कुठे आहात?” बाबांचा आवाज दबका होता.

“बाबा, तुम्ही कुठे आहात?”

“मी उतरलो चौकात. म्हटलं गल्लीतून वरचा थांबा गाठू. इथे आहे मी.”

“इथे म्हणजे?”

“एक दुकान आहे. टोप्या विकतात.”

“बाबा, सगळीच दुकानं टोप्या विकतात!”

मग ते म्हणाले, “तीनदा त्याच दुकानासमोर आलो. सगळ्या गल्ल्या सारख्या आहेत. आक्काला सांगू नकोस.”

आक्का माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती. तिने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

“घाबरू नकोस,” ती म्हणाली. “भिंतीला टेकून उभा राहा. राहिलास? आता तुझ्या ट्रॅमची घंटा ऐक. कुठल्या कानाला येते?”

“डाव्या.”

“वरून की खालून?”

“खालून. लांबून.”

“पाण्याचा आवाज आहे?”

“आहे. नळासारखा.”

“म्हणजे भांडेबाजाराच्या मागे आहेस. जागचा हलू नकोस. मी येते.”

तिने फोन माझ्या हातात दिला आणि वळली. मी म्हटलं, “आत्या, अगं बेल! एकदा दाब आणि मग जा. हे बोटभर अंतर आहे!”

“बेल कुठे पळून जाते?” असं म्हणत ती रस्त्याला लागलीसुद्धा.

उतरणारा रोपवे रिकामा होता. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. घाबरली होती. मीही घाबरले होते. बाबांचं वय मला त्या पाळण्यात पहिल्यांदाच आठवलं. भांडेबाजारामागच्या गल्ल्या मला अनोळखी नाहीत, पण त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. मी टाचा उंचावून निळा कोट शोधत होते. निळा कोट कुठेच नव्हता.

“तो काय,” आत्या म्हणाली.

“कुठे?”

“तो. डावा खांदा उतरलेला.”

भिंतीशी एक म्हातारा पाठमोरा उभा होता. घामाने भिजलेला सदरा, हातावर टाकलेला कोट, आणि एक खांदा चांगला दोन बोटं खाली. मी त्यांच्याकडे बघून पुढे गेले असते. माझे बाबा ताठ, सरळ. हा माणूस एका बाजूला कलला होता.

मग ते वळले, आणि बाबाच होते.

आत्याला बघताच त्यांनी घाईघाईने कोट अंगात घातला. बटणं लावली. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांचे दोन्ही खांदे सारखे झाले.

“हे काय झालं?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“पॅड आहे,” आत्या म्हणाली. “डाव्या हाताने हँडल ओढून ओढून खांदा बसलाय त्याचा. कंपनीचा पहिला कोट मी शिवला तेव्हा नव्हतं. दुसऱ्याला पातळ घातलं. मग दर कोटाला एक घडी जास्त.”

बाबांचा हात आपोआप डाव्या खांद्याकडे गेला. त्यांनी कापड चिमटीत धरून चाचपलं. उजवीकडे हात नेला. परत डावीकडे आणला. “मला कधी बोलली नाहीस.”

“तू सरळ दिसत होतास. सांगायचं काय त्यात?”

गर्दीचा एक लोंढा आला, कोणीतरी छत्री उंच धरून मागे पन्नास माणसं नेत होतं, आणि बाबांनी पटकन आत्याच्या पिशवीचा बंद पकडला. लाज वाटून सोडून देतील असं मला वाटलं, पण सोडला नाही. “मी घाबरलो होतो गं,” ते म्हणाले. “केबिनमधून सगळं किती सोपं दिसतं.”

“चल,” आत्या म्हणाली. “मागून ये.”

भांडेबाजारातून दुकान, दुकानातून सरकता जिना, चौथ्या मजल्याचं काचेचं दार. बाबा पाव्हण्यासारखे टकमका बघत होते. आपलं आख्खं आयुष्य या दुकानाच्या पुढच्या दारावरून गेलं, मागे दार आहे हे ठाऊकच नव्हतं, असं दोनदा म्हणाले. एकट्यांच्या रांगेत मात्र त्यांनी आत्याच्या मागे उभं राहून आपण ओळखतच नसल्याचं सोंग इतकं मनापासून वठवलं की रांगेतल्या बाईने त्यांना आत्याशी ओळख करून देण्याची तयारी दाखवली.

ताईच्या दारात आम्ही तिघं पोचलो तेव्हा कुकर थांबला होता. आत्याने खाली वाकून गुडघा चोळला. बाबा बेलच्या अगदी जवळ उभे होते. हात वर केला असता तर लागली असती. त्यांनी दोन्ही हात मागे बांधले आणि एक पाऊल बाजूला झाले.

“दाब, आक्का.”

आत्याने बेल दाबली.

आईने दार उघडलं आणि तोफ डागली. “अन्न गार झालं! कुठे होता इतका वेळ?”

“आक्का मघाशीच पोचली होती,” बाबा म्हणाले. “मी हरवलो. मला आणायला खाली आली.”

आई तोंडात बोट घालून बघत राहिली. या माणसाच्या तोंडून ‘हरवलो’ हा शब्द तिने संसारात पहिल्यांदा ऐकला असावा. जेवताना पैजेचं कोणी नाव काढलं नाही. भावोजींनी जरा खोदून पाहिलं, ताईने त्यांना डोळ्यांनी दाबलं. बाबांनी कोट खुर्चीच्या पाठीला अडकवला होता, आणि जेवताना त्यांचा हात पुनःपुन्हा मागे जाऊन तो खांदा चाचपत होता. कोट काढून ते एका बाजूला कललेले बसले होते आणि त्याची त्यांना फिकीर नव्हती.

हात धुवून आल्यावर त्यांनी कोट उचलला आणि आत्यासमोर धरला.

“हे पॅड बसलंय बहुतेक. नवं घालावं लागेल.”

“बघू.” तिने खांदा दोन बोटांत दाबून पाहिला. “हो, बसलंय.”

“मग तुझ्या खोलीवर कधी येऊ?”

मी ताट उचलता उचलता थांबले. आईसुद्धा थांबली. आत्याने कोट नीट घडी घालून त्यांच्या हातात परत दिला.

“मंगळवारी ये,” ती म्हणाली. “बोटीने ये. आणि धक्क्यावर पायऱ्या उलट्या उतर.”